वस्तुमान नसलेल्या प्रकाशाला कृष्णविवर अडवतं कसं?

ऐरोलीहून एका पालकांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांच्या बारावीतल्या मुलीने घरी पेच टाकलाय. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान नसतं. न्यूटनच्या सूत्रात वस्तुमानाच्या जागी शून्य घातलं की बलही शून्य येतं. मग कृष्णविवर प्रकाशाला ओढतं कसं? आणि प्रकाश तिथून सुटत नाही म्हणजे तो मंदावत असणार, पण प्रकाशाचा वेग तर सगळीकडे सारखाच असतो असं पुस्तक सांगतं. बाबांचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे: काहीच बाहेर येत नसेल तर २०१९ सालच्या कृष्णविवराच्या त्या गाजलेल्या छायाचित्रातली नारिंगी कडी कसली?

मी ठाण्यात एम.एस्सी.च्या वर्गाला व्यापक सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकवते आणि प्रकल्प म्हणून मुलांकडून कृष्णविवराभोवतीचे प्रकाशकिरण संगणकावर काढून घेते. त्या अनुभवावरून सांगते, या तिन्ही प्रश्नांचा गुंता एकाच ठिकाणी आहे. ‘वेग’, ‘वाकणं’, ‘अडकणं’ हे शब्द आपण वापरतो, पण मोजतंय कोण हे सांगत नाही. प्रकाश जिथून जातोय तिथेच उभं राहून मोजणारा आणि लाखो किलोमीटर दूरून पाहणारा, या दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

आधी मुलीचं सूत्र. तिचा आक्षेप चांगला आहे, पण तो एक पायरी आधी थांबलाय. गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात पडणाऱ्या वस्तूचं वस्तुमान आहे आणि ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ या सूत्रातही तेच आहे. दोन्ही बाजूंनी ते कटतं. म्हणून दगड असो वा पीस, हवा नसेल तर त्वरण सारखंच. प्रकाशासाठी शून्य घातलं तर ‘शून्य बरोबर शून्य’ एवढंच हाती लागतं, त्यातून त्वरण शून्य आहे असं काही निघत नाही. खुद्द न्यूटनच्या चौकटीतसुद्धा प्रकाश पडेल असं मानायला जागा होती आणि ते मानलंही गेलं. १७८३ मध्ये जॉन मिचेल यांनी आणि १७९६ मध्ये लाप्लास यांनी लिहून ठेवलं, की पुरेसा जड तारा असेल तर त्याचा प्रकाश त्यालाच सोडून जाऊ शकणार नाही.

मग न्यूटनच पुरेसा का नाही? आकडा चुकतो म्हणून. सूर्याच्या कडेला चाटून येणारा ताऱ्याचा किरण न्यूटनच्या हिशेबाने सुमारे ०.८७ आर्क सेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्क सेकंद) वळायला हवा. प्रत्यक्षात तो १.७५ वळतो, बरोबर दुप्पट. ‘फोटॉनला ऊर्जा असते, ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, म्हणून तो ओढला जातो’ हे उत्तर तुम्हाला जागोजागी मिळेल. मी ते वर्गात स्वीकारत नाही, कारण त्यातून हाच अर्धा आकडा येतो. मला वाटतं या विषयाचं खरं मर्म त्या उरलेल्या अर्ध्यात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिला अर्धा भाग लिफ्टमध्ये समजतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीच्या लिफ्टची दोरी तुटली आणि ती मोकळी पडू लागली अशी कल्पना करा. आतल्या माणसाला वजन जाणवणार नाही, हातातून सोडलेली किल्ली तिथेच तरंगेल. आइनस्टाइन यांचं म्हणणं असं की अशा लहानशा, मोकळ्या पडणाऱ्या खोलीत गुरुत्वाकर्षण जणू नसतंच, त्यामुळे एका भिंतीवरून सोडलेला प्रकाशझोत समोरच्या भिंतीवर नेमक्या समोरच्याच बिंदूवर आदळेल. पण बाहेर मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने झोत जाईपर्यंत लिफ्ट थोडी खाली गेलेली असते. म्हणजे त्याच्या लेखी झोतही तेवढाच खाली आला. दोन मीटर रुंद लिफ्टमध्ये हे घसरणं किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या आठव्या भागाइतकं. पण ते शून्य नाही, आणि त्यासाठी फोटॉनच्या वस्तुमानाची गरजही पडली नाही.

१९११ मध्ये आइनस्टाइन यांच्याकडे एवढंच होतं आणि त्यांचं उत्तरही अर्धंच आलं होतं. ते तपासायला फ्रॉइंडलिश नावाचे खगोलशास्त्रज्ञ १९१४ च्या ऑगस्टमधल्या ग्रहणासाठी क्रिमियात गेले, तोच महायुद्ध पेटलं आणि रशियाने त्यांना ताब्यात घेतलं. १९१५ च्या नोव्हेंबरात पूर्ण सिद्धांत तयार झाला तेव्हा आकडा दुप्पट झाला होता. २९ मे १९१९ च्या ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्राल इथे १.९८ आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर १.६१ आर्क सेकंद असं विचलन मिळालं. मोजमापं कच्ची होती, पण अर्ध्या आकड्यापासून दोन्ही दूर होती.

दुसरा अर्धा भाग येतो कुठून? एक लिफ्ट छोटी असते. किरणाचा पूर्ण मार्ग काढायचा तर अशा असंख्य लिफ्ट शेजारी शेजारी जोडाव्या लागतात, आणि जोडताना कळतं की त्या सपाट कागदावर बसतात तशा बसत नाहीत, कारण अवकाशच वक्र आहे. त्या वक्रतेने आणखी तेवढंच विचलन पडतं. थोडक्यात, अर्धं वळण काळाच्या वक्रतेचं आणि अर्धं अवकाशाच्या वक्रतेचं. चेंडूसारख्या संथ वस्तूला अवकाशाची वक्रता जवळजवळ जाणवत नाही, तिचं पडणं जवळपास सगळं काळामुळे असतं. प्रकाश इतक्या वेगाने जातो की त्याला दोन्ही सारखेच भोवतात.

म्हणूनच ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवून दाखवतात तो प्रयोग मला आवडत नाही. त्यात फक्त अवकाश दिसतं, काळ गायब असतो, आणि गोट्या खाली घरंगळतात त्या पृथ्वीच्याच ओढीमुळे. जे समजावायचं तेच गृहीत धरलेलं असतं. सातवीतल्या मुलाला दाखवायला ठीक आहे, पण बारावीतल्या मुलीला शंका आली असेल तर ती रास्त आहे.

तिला हा हिशेब स्वतः करायला सांगा. सूर्याच्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या, म्हणजे तेवढं वस्तुमान ज्या त्रिज्येच्या आत दाबलं की कृष्णविवर होईल ती, २.९५ किलोमीटर. तिची दुप्पट करायची, सूर्याच्या ६,९६,००० किलोमीटर त्रिज्येने भागायचं आणि रेडियनचे आर्क सेकंद करण्यासाठी २,०६,२६५ ने गुणायचं. १.७५ येतं. एवढ्या सोप्या गणिताने आइनस्टाइन यांचा आकडा हाती येतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी हा विषय शिकवते.

आता वेगाचं. जिथे प्रकाश आहे तिथेच, आपल्या शेजारची पट्टी आणि आपलंच घड्याळ वापरून मोजला तर वेग नेहमी सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरच येतो. कृष्णविवराच्या अगदी जवळही. पुस्तकातलं वाक्य याच अर्थाने खरं आहे. पण दूरचा निरीक्षक तिथल्या घटना आपल्या घड्याळाने मोजू लागला तर त्याला प्रकाश रेंगाळताना दिसतो. ही नुसती कल्पना नाही. १९६४ मध्ये अर्विन शापिरो यांनी सुचवलं की सूर्याजवळून गेलेला रडारचा संदेश परतायला थोडा जास्त वेळ घेईल. पुढे मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या संदेशांत सूर्याजवळून जाऊन येताना सुमारे २५० मायक्रोसेकंदांचा उशीर मोजला गेला आणि कॅसिनी यानाच्या संदेशांवरून २००३ मध्ये तोच परिणाम लाखात दोन-तीन इतक्या बारकाईने पडताळला गेला. वाटेत कुठेही, कुणीही जवळून मोजला असता तर वेग नेहमीचाच आला असता.

घटना क्षितिज म्हणजे श्वार्झशिल्ड त्रिज्येवरची ती सीमा, जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही. तिथे काय होतं ते समजण्यासाठी आपल्या खाडीचा उपयोग होतो. ओहोटीच्या वेळी वाशीच्या पुलाखालचं पाणी समुद्राकडे धावतं. एक होडी ठाण्याच्या दिशेने निघाली आहे आणि तिचं इंजिन पाण्याच्या मानाने ठरावीकच वेग देतं. ओहोटी मंद असेल तर होडी सावकाश पुढे सरकते. पाण्याचा वेग होडीइतकाच झाला तर होडी पुलाखालीच थांबलेली दिसते. पाणी त्याहून जोरात असेल तर नाक ठाण्याकडे असूनही होडी समुद्राकडे जाते. कृष्णविवराच्या बाबतीत अवकाशच आत वाहतं असं धरून गणित मांडता येतं, आणि ते अचूक बसतं. १९२१-२२ मध्ये पेनलेव्हे आणि गुलस्ट्रँड यांनी हे रूप वेगवेगळं शोधलं. त्यात प्रवाहाचा वेग न्यूटनच्या मुक्तिवेगाइतकाच (ओढीतून सुटायला लागणाऱ्या किमान वेगाइतकाच) निघतो आणि क्षितिजावर तो प्रकाशवेगाला गाठतो. तिथे बाहेरच्या दिशेने सोडलेला प्रकाश जागच्या जागी राहतो. त्याच्या आत सोडलेला प्रकाश, तोंड बाहेर असलं तरी, केंद्राकडेच जातो.

या उपमेची मर्यादाही सांगायला हवी. पुलावरच्या माणसाने होडीचा वेग मोजला तर तो वेगळा येतो. कृष्णविवराबाहेर एका जागी टिकून राहिलेल्या निरीक्षकाने मात्र आपल्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग मोजला तर तो तेवढाच येतो. पाणी ही वस्तू आहे, अवकाश तशी वस्तू नाही.

म्हणजे आतापर्यंत इतकं हाती आलं: प्रकाशाला वळायला वस्तुमान लागत नाही, वळणात काळ आणि अवकाश दोघांचा सारखा वाटा आहे, आणि जवळून मोजलेला वेग कधीच बदलत नाही. मग बाहेर पडताना प्रकाश काय गमावतो? ऊर्जा. त्याची तरंगलांबी वाढते, याला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा असतो. असा दिवा श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर स्थिर ठेवला, तर दूरवर पोहोचेपर्यंत तो ८३३ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश होईल. क्षितिजाजवळ ही वाढ अमर्याद होते. पृथ्वीवर हाच परिणाम पाऊंड आणि रेब्का यांनी १९६० च्या सुमारास हार्वर्डमधल्या २२.५ मीटर उंचीवर मोजला, दहाच्या पंधराव्या घातात अडीच भाग इतका तो बारीक होता. तुमच्या फोनवरचा नकाशाही यावर चालतो: उपग्रहांवरची घड्याळं, वेगाचा परिणाम वजा करूनही, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त करावं लागतं.

‘आत पडणारी वस्तू क्षितिजावर गोठलेली दिसते’ असं तिने वाचलं असेल तर हेही सांगा. गणिताने ते बरोबर आहे, पण डोळ्यांना तसं दिसणार नाही. ताम्रसृतीमुळे प्रतिमा झपाट्याने मंद होत जाते. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरात हे काही मिलिसेकंदांत आटोपतं. किती वेळ लागेल ते वस्तुमानावर अवलंबून आहे. एम८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराला त्यासाठी काही दिवस लागतील.

आता कडी. इथे मुलांचा प्रकल्प कामी येतो. किरण कृष्णविवराच्या शेजारून किती बाजूने येतोय, म्हणजे तो सरळच गेला असता तर केंद्रापासून किती अंतरावरून गेला असता, ही एकच संख्या बदलत न्यायची. अंतर खूप असेल तर किरण जरासा वळून निघून जातो. कमी करत आणलं की वळण अपेक्षेपेक्षा वेगाने वाढतं. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या पाचपट अंतर घेतलं तर सूर्यासाठी वापरलेलं सोपं सूत्र २३ अंश सांगतं, पूर्ण गणित तिशीच्या पुढे जातं. आणि श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या २.६ पट हा आकडा आला की सगळं पालटतं. याहून किंचित जास्त असेल तर किरण कृष्णविवराला एक-दोन फेऱ्या घालून सुटतो, किंचित कमी असेल तर आत जातो. नेमका तेवढाच असेल तर तो दीडपट त्रिज्येवर फिरतच राहतो. या दीडपट अंतराच्या गोलाला फोटॉन गोल म्हणतात. तिथलं फिरणं अस्थिर असतं, जरा ढळलं की आत किंवा बाहेर.

म्हणून दूरून दिसणारा काळा भाग क्षितिजाच्या आकाराचा नसतो, त्याहून २.६ पट मोठा दिसतो. ती कृष्णविवराची छाया. तिच्याभोवती जे चमकतं तो बाहेर फिरणाऱ्या तप्त वायूचा प्रकाश आहे. तो क्षितिजाच्या आतून आलेला नाही, बाहेरच निर्माण झाला आणि वळत वळत आपल्याकडे आला. कृष्णविवराच्या मागच्या बाजूचा वायूही वरून आणि खालून वळलेल्या किरणांमुळे दिसतो. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये ल्युमिने यांनी संगणकाच्या आकड्यांवरून हातानेच ठिपके काढून हे चित्र तयार केलं होतं.

छायाचित्र एम८७ मधल्या कृष्णविवराचं. निरीक्षणं एप्रिल २०१७ ची, प्रसिद्धी १० एप्रिल २०१९ ची. वस्तुमान सूर्याच्या ६५० कोटी पट, अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. पुन्हा गणित करा: त्रिज्या ६५० कोटी गुणिले २.९५ किलोमीटर, तिला अंतराने भागलं की सुमारे ७.६ मायक्रो आर्क सेकंद. छायेचा व्यास त्याच्या ५.२ पट, म्हणजे ४० च्या आसपास. प्रत्यक्ष मोजलेल्या कडीचा व्यास ४२ आहे. कोरड्या वहीत केलेलं गणित आणि पृथ्वीभर पसरलेल्या दुर्बिणींचं मोजमाप असं जुळतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

नारिंगी रंग मात्र निवडलेला आहे. निरीक्षण १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींचं होतं, त्यांना रंग नसतो. कडीची खालची बाजू जास्त तेजस्वी आहे कारण तिकडचा वायू आपल्या दिशेने येतोय. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र १२ मे २०२२ ला आलं. ते सूर्याच्या सुमारे ४० लाख पटच असल्याने त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत जागा बदलतो, म्हणून जवळ असूनही ते टिपणं जास्त कठीण गेलं.

वरचे २.६ आणि दीडपट हे आकडे न फिरणाऱ्या कृष्णविवराचे आहेत. खरी कृष्णविवरं फिरतात, आणि १९६३ मध्ये रॉय केर यांनी दिलेलं उत्तर तिथे वापरावं लागतं. फिरण्याच्या दिशेने जाणारा प्रकाश क्षितिजाच्या जास्त जवळून फिरू शकतो, उलट्या दिशेचा दूरूनच. छाया एका बाजूने थोडी चपटी होते, आकार मात्र फारसा बदलत नाही.

एक गोष्ट सहसा सुटते: गुरुत्वाकर्षणाचा प्रकाशावर परिणाम होतो तसं प्रकाशाच्या ऊर्जेमुळेही गुरुत्वाकर्षण निर्माण होतं. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश-काल कसं असेल याचं उत्तर १९४३ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी दिलं, आणि ते बनारसला कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांसोबत केलेल्या कामातून आलं. ते आजही जगभर वापरलं जातं.

मुलीला कलन येत असेल आणि थोडं पायथन जमत असेल तर तिने किरण स्वतः काढावेत. केंद्रापासूनच्या अंतराचा व्यस्त घ्यायचा आणि तो कोनानुसार कसा बदलतो ते पाहायचं. त्याचा दुसरा विकलज अधिक तो स्वतः, यांची बेरीज श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दीडपटीला त्याच्या वर्गाने गुणलं की येते त्याइतकी असते. उजवी बाजू शून्य केली तर सरळ रेषा मिळते, हे आधी पडताळून घ्यावं. मग श्वार्झशिल्ड त्रिज्या १ मानून किरण किती बाजूने येतोय ती अंतरं २.५, २.५९, २.६ आणि ३ अशी घ्यावीत. २.५९ आणि २.६ मधला फरक दिसण्यासाठी पाऊल खूप लहान ठेवावं लागतं, नाहीतर सुटणारा किरण आत गेलेला दिसतो. चित्र अडलं तर कोणतं अंतर आणि किती लहान पाऊल घेतलं ते इथे लिहा, मी बघते.